पाळकांनी गप्प राहावं हे काही पटलं नाही

निवडणुकीच्या काळात पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, राजकारणावर तोंडच उघडू नये असं लेखात म्हटलंय. आमच्याकडे विदर्भात खेड्यातली मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, लहान, ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहतात अन् मग रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर अन् द्राक्षरस घ्यायच्या विधीला) एकमेकाकडं पाहत बी नाहीत, तिथं गप्प राहून कसं चालंल? उपदेशातून कोणाला मत द्या हे सांगूच नये, ते शंभर टक्के मान्य. पण येशूच्या बारा शिष्यांत रोमी सत्तेच्या काळातला जकातदार मत्तय होता अन् शिमोन जिलोत (जिलोत म्हणजे रोमी सत्तेच्या विरोधातला, असं मानतात) बी होता, म्हणजे विरुद्ध बाजूचे लोक एकत्र होते, हे तर सांगा लोकायले! १९७० मध्ये आपल्या नागपुरातच सहा वेगवेगळे चर्च-पंथ एक होऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती; म्हणजे एक व्हायला वेळ लागतो, पण बोलत राहावं लागतं. पाळकांनी दोन्ही भावांच्या घरी जाऊन बसावं, निकालाच्या आधी बी अन् नंतर तर नक्कीच.