रस्ता आधी का पाइप आधी?

लातूरच्या चहाच्या टपरीपुढचा कट्टा. विषय निघाला नव्या लेआउटच्या रस्त्यावरून. पहिल्याच मोठ्या पावसात बरोबर ड्रेनेजच्या लाइनीवरून रस्ता लांबच लांब खचलेला.

"डांबर कमी टाकलंय, दुसरं काय," दत्ता म्हणाला.

लेआउटची कामं घेणारे सलीमभाई उसळले. "डांबराचा काय संबंध? 20 मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे वरचा डांबरी थर, ओझं पेलत नसतंय. त्यावर सीलकोटचा बारीक थर नीट मारला तर पाणी अडवतंय, एवढंच त्याचं काम. ओझं पेलतो खालचा मुरूम अन् खडी. इथं चर खचलाय. 150 मिलिमीटरची ड्रेनेज लाइन टाकली, निघालेली काळी माती जेसीबीनं परत लोटली अन् वरून रोलर फिरवला. दीड मीटर खोलीवरची माती अशी दबती व्हय? चर मुरमानं भरायचा, वीस-वीस सेंटीमीटरचा थर, पाणी मारून प्रत्येक थराला धुम्मस."

"आणि बाकीचा रस्ता? तो पण लाटा मारायलाय," दत्ता.

इथं अण्णा बोलले. बांधकाम खात्यात हयात गेलेला माणूस, टेस्टशिवाय बोलायचा नाही. "मातीचा फुगवटा बघितला का कुणी? वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत टाकायची. एकात पाणी, एकात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. 24 तासांनी रॉकेलात 10 मिली अन् पाण्यात 18 मिली दिसली तर फुगवटा 80 टक्के. 50 च्या वर गेला की ती माती रस्त्याखाली ठेवायची नाही."

"अण्णा, हिशोब करा की," सलीमभाई. "300 मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, अर्धा मीटर खोल काढायची म्हणजे 825 घनमीटर. दबल्यावर तेवढं पाहिजे तर सुटा मुरूम साडेतीनशे ब्रासच्या वर, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मालक हार्ट अटॅकनं जाईल."

"मग वरच्या 30 सेंटीमीटरला चार टक्के चुना मिसळा. साधारण तीस टन लागंल. गिऱ्हाइकाला लावण्यापेक्षा बरं!"

हशा पिकला, पण सलीमभाईंचं समाधान झालं नाही. चुना नीट मिसळला नाही तर एका जागी दगड, शेजारी चिखल, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हे. मुरमावरही दोघांची जुंपली. मूठभर ओला करून वळी वळली तर तो मातकट, पाणी धरणार. अन् चांगला टाकला तरी काळ्या मातीत पेटी खोदून भरला आणि बाजूच्या गटारापर्यंत नेला नाही, तर पाणी परातीत साचल्यासारखं आतच राहतं. यावर मात्र दोघांचं एकमत.

"सगळं खरं," दत्ता म्हणाला, "पण गिऱ्हाईक रस्ता बघून टोकन देतंय. पाइप कोण बघतंय?"

"म्हणून खडीकरणापर्यंत रस्ता दाखवा," अण्णा. "पण त्याच्या आधी ड्रेनेज, पाण्याची लाइन अन् दर दोन प्लॉटमागं रस्त्याखालून आडवे केसिंग पाइप, नळाची लाइन आतून ओवायला. नाहीतर घर बांधणारा प्रत्येकजण नळासाठी रस्ता फोडणार. कार्पेट नंतर. अन् आपली ड्रेनेज लाइन जिथं जोडायची त्या मनपाच्या चेंबरची लेव्हल घेतली का?"

"उतार दिलाय की, दीडशेला एक," सलीमभाई.

"300 मीटरला दोन मीटर उतरली. सुरुवातीला नव्वद सेंटीमीटर खोल, म्हणजे शेवटी 2.9. चेंबरचा तळ 2.2 मीटर खोलीवरच असला तर? सत्तर सेंटीमीटर पाणी वर चढणार का? तळापासून उलटं मोजत यायचं, मग नकाशा काढायचा."

"नकाशा मंजूर होऊन आलाय, अण्णा."

"मग मध्येच तोडून दोन बाजूंना लाइन काढा, दुसरीकडं चेंबर असलं तर. नसलं तर पंप बसवा."

"अन् पंपाचं लाइट बिल कोण भरणार?" दत्तानं विचारलं. सलीमभाईंनी आणखी एक कट चहा सांगितला.