बैलगाडी, मर्सिडीज आणि बीबीसी मायक्रो

नमस्कार. जुन्या होम कॉम्प्युटरवर चालणाऱ्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा (म्हणजे डेटा आणि त्याचं वागणं एकत्र बांधून 'वस्तू' घडवू देणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषा) कुठे आणि कशा शोधाव्यात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. यादीतल्या बहुतेक भाषा अमिगा, मॅकिंटॉश आणि पीसीच्या आहेत. बीबीसी मायक्रो, स्पेक्ट्रम यांसारख्या लहान ८ बिटी यंत्रांसाठी एकही तयार भाषा मी दाखवलेली नाही. टर्बो पास्कल या भाषेच्या ५.५ आवृत्तीचं साल चुकलंय. आणि शेवटी, फोर्थ या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल, हे वाक्य: "फोर्थमध्ये पत्त्यांचा तक्ता करून त्याला ऑब्जेक्ट म्हणणं म्हणजे बैलगाडीला मर्सिडीजचा बिल्ला लावणं, ज्यांनी खरा कोड कधी लिहिला नाही त्यांचं हे स्मरणरंजन आहे."

साल आधी घेतो. चुकलंच. टर्बो पास्कलमध्ये ऑब्जेक्ट आले ते १९८९ च्या ५.५ आवृत्तीत, मी १९८८ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

आता बैलगाडी. मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण "खरा कोड कधी लिहिला नाही" हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? आपली ओळख ना पाळख. माझा एखादा प्रोग्राम पाहून नावं ठेवली असती तर ऐकून घेतलं असतं. न पाहता माणसाचं सगळं आयुष्य एका वाक्यात निकालात काढायचं, याला टीका म्हणत नाहीत.

म्हणून सांगणं भाग आहे. १९८६ साली मी आठवीत होतो. सरकारच्या संगणक-साक्षरतेच्या 'क्लास' प्रकल्पातून आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर आले होते. चपला दाराबाहेर काढायच्या, एका यंत्रापुढे चौघांनी बसायचं, वीस मिनिटांत उठायचं. एकदा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडला, तेव्हा सरांनी 'स्टार टेप' टाइप करायला लावलं आणि म्हणाले, आता नेहमीसारखंच सेव्ह करा. तीच सेव्हची आज्ञा दिली, तर पडद्यावर 'रेकॉर्ड देन रिटर्न' उमटलं. माझ्या प्रोग्राममध्ये अक्षरही बदललं नव्हतं, आणि तो फ्लॉपीऐवजी कॅसेटवर साठवला जात होता. हे कसं झालं, या प्रश्नाने मला पुढचे कित्येक महिने झोपू दिलं नाही.

उत्तर सापडलं ते असं. सेव्ह केलं की यंत्रातली बेसिक ही भाषा 'ओएसफाइल' नावाच्या ठरलेल्या प्रवेशद्वाराशी जाते. तिथून उडी पडते ती मेमरीतल्या 'फाइलव्ही' या दोन बाइटांत जो पत्ता असेल तिथे. टेप निवडली की त्या जागी टेपचा पत्ता, डिस्क निवडली की डिस्कचा, नेटवर्क असेल तर इकोनेट या नेटवर्कचा. मागणी एक, ती पुरी करणारा वेगळा, आणि मागणाऱ्याला तो कोण हे ठाऊक असण्याची गरज नाही. ३२ केबी रॅम आणि २ मेगाहर्ट्झच्या ६५०२ प्रोसेसरवर हे रोज घडत होतं. ज्याला आज पॉलिमॉर्फिझम म्हणतात त्याचा गाभा दुसरा कोणता आहे, सांगा.

आणि तुमच्या मर्सिडीजचं बॉनेट जरा उघडून पाहा. सी++ या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेचा पहिला प्रसिद्ध कंपायलर सीफ्रंट १९८५ मध्ये बाहेर आला. तो सी++ चं सी मध्ये भाषांतर करायचा आणि व्हर्च्युअल फंक्शनसाठी, म्हणजे वस्तूनुसार वेगळं वागणाऱ्या फंक्शनसाठी, काय बनवायचा? फंक्शनच्या पत्त्यांचे तक्ते. ज्या तक्त्याला तुम्ही बैलगाडी म्हणता, तोच.

स्पेक्ट्रम या ८ बिटी होम कॉम्प्युटरवर मी हेच हाताने केलं. मामांकडे डेसिबेल्स कंपनीचा भारतीय स्पेक्ट्रम प्लस होता: ४८ केबी रॅम, त्यातले ६९१२ बाइट पडद्यालाच जात. अ‍ॅबरसॉफ्टचं फोर्थ कॅसेटवरून चढवायचो. फोर्थमध्ये 'बिल्ड्स' आणि 'डझ' या जोडीने आपण आपल्याच प्रकारच्या वस्तू घडवू शकतो: डेटा आणि त्याचं वागणं एकाच शब्दात बांधलेलं. प्रत्येक वस्तूच्या पहिल्या दोन बाइटांत मी तिच्या वर्गाच्या तक्त्याचा पत्ता ठेवला. 'काढ' म्हटलं की वर्तुळ वर्तुळासारखं निघायचं, चौकोन चौकोनासारखा. नवा आकार आला तर जुन्या ओळीला हात लावावा लागत नसे. त्या प्रोग्रामच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. स्मरणरंजन म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण खोटा कोड म्हणू नका.

फोर्थचं नाव मी ओढूनताणून आणलेलं नाही. मॅकवरची 'निऑन' ही ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा १९८५ साली फोर्थच्याच पायावर उभी राहिली. ती करणाऱ्या चार्ल्स डफ यांनी पुढे 'अ‍ॅक्टर' केली. डिक पाउंटन यांचं फोर्थमधल्या ऑब्जेक्टवरचं पुस्तक १९८७ चं. हे सगळे बैलगाडीवाले का?

त्याहून मागे जाऊ. ऑक्टोबर १९७२ मध्ये झेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात डॅन इंगल्स यांनी स्मॉलटॉक या भाषेचा पहिला नमुना चालवला, तो बेसिकमध्ये लिहिलेला होता. तीन अधिक चार करायलाही तो रेंगाळायचा, पण चालला. ज्या भाषेचा दाखला देऊन आपण सगळे 'खरं ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' म्हणतो, ती पहिल्यांदा बेसिकच्या अंगणात चालली. हे माहीत असतं तर तुमची लेखणी त्या वाक्यापाशी थांबली असती.

राहता राहिला ८ बिटींसाठी तयार भाषा नसल्याचा मुद्दा. लेख शोधाविषयी होता, दुकानाच्या यादीविषयी नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. आणि अमिगाचा आक्षेप म्हणाल, तर 'अमिगा ५००' हे यंत्र लोकांच्या दिवाणखान्यात टीव्हीला जोडलेलं असायचं, त्याला होम कॉम्प्युटर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? त्यावर १९९३ ची 'अमिगा ई' ही भाषा आणि टिमोथी बड यांचं 'लिटल स्मॉलटॉक' हे दोन्ही शोधणाऱ्याला मिळतात.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त कोणत्या यंत्रावर, कोणतं फोर्थ, काय चालवून पाहिलंत ते आधी सांगा. माझी कॅसेट मागच्याच महिन्यात पुन्हा लोड केली, तिसऱ्या खेपेला चढली.