वायर तुटते ती प्लगच्या तोंडाशी
वृद्धनिवासातले रहिवासीच जुन्या वस्तू विकतात, दुरुस्त्या करतात आणि पैसे मदतनिधीत टाकतात, हे तुमच्या लेखात वाचून बरं वाटलं. पण दुरुस्तीचा भाग दोन ओळींत उरकलात, खरी गंमत तिथेच आहे! टेबललॅम्प बंद पडला की बल्ब बदलून बघतात. पुष्कळदा वायर प्लगच्या तोंडाशी वाकून वाकून आतून तुटलेली असते. चार बोटं वायर कापायची, टोकं सोलून प्लगमधल्या स्क्रूखाली आवळायची, झालं. ॲमस्टरडॅमला २००९ मध्ये पहिलं रिपेअर कॅफे, म्हणजे लोकांनी जमून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायचा मेळावा, भरलं, तिथेही वस्तूचा मालक दुरुस्तीला शेजारी बसतो. विजेची वस्तू मात्र तपासल्याशिवाय विक्रीला नकोच. आणि विक्रीची किंमत वस्तू देणाऱ्याला ठरवू देऊ नका, लोक आठवणींचेही पैसे लावतात.