तळपायाचा जाहीर पंचनामा

मला काहीही दुखत नाही, हे मी डॉक्टरांना अभिमानाने सांगितले आणि तिथेच सापडलो. दहा ग्रॅमचा भार आला की वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून ते पाहणार होते. मी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून ते कधी सुरू करतात याची वाट पाहत राहिलो, आणि त्यांचे केव्हाच उरकले होते. मधुमेहात साखरेने नसा बधिर झाल्या की माणूस एकाच जागेवर जोर देत हजारो पावले चालतो, त्या जागी आधी घट्टा पडतो, मग घट्ट्याच्या आत जखम होते आणि मालकाला पत्ता लागतो तो मोजा ओला झाल्यावर, असे त्यांनी समजावून सांगितले. जन्मभर ‘दुखतंय हो’ म्हणून कण्हलो तेव्हा घरात कोणी वर पाहिले नाही. आता दुखत नाही म्हटल्याबरोबर मला तातडीने तपासणीला पाठवण्यात आले.

तपासणी म्हणजे बुटात एक पातळ गादी घालतात, तिच्यात दाब मोजणारे सेन्सर असतात, त्यांच्या वायरी पोटरीवरून वर नेऊन कमरेच्या डबीला जोडतात आणि मग चालायला लावतात. त्यासाठी बाह्यरुग्ण विभागाचा तोच बोळ ठरवला होता, जिथे दोन्ही बाजूंच्या बाकांवर निम्मा जिल्हा नंबर लागण्याची वाट पाहत बसतो. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांत दवाखान्याचे कोणाकोणाच्या पायांतून आलेले कॅनव्हासचे बूट, आणि तंत्रज्ञ मुलगा सांगतो आहे, “नैसर्गिक चाला, सर.” साठी उलटलेल्या माणसाने इतक्या लोकांसमोर नैसर्गिक कसे चालायचे, हे त्याला शिकवणाऱ्या कॉलेजलाच ठाऊक. वर माझ्या तळव्यांचे चित्र दाखवणारा पडदा बाकांकडे तोंड करून ठेवला होता. निळे म्हणजे दाब कमी, लाल म्हणजे जास्त, हे बाकांवरच्या मंडळींना माझ्या आधी समजले.

या मंडळींत बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडचे एक काका होते. पत्नीच्या पायाचे ड्रेसिंग चालले होते म्हणून ते आले होते आणि जन्मभर चपलांचा व्यापार केला असल्यामुळे जगातल्या सर्व पायांबद्दल बोलण्याचा त्यांना अधिकार होता. मी बाकाखाली काढून ठेवलेली कोल्हापुरी त्यांनी एव्हाना उचलली होती. ती उलटी केली, अंगठ्याने तळ दाबला, कड नखाने खरवडून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “हे चप्पल तुमचं काय ओ?”

मी चालता चालता मान हलवली. मान हलवू नका, असे तंत्रज्ञ म्हणाला.

“माल आमच्याकडचंच हाय,” काका म्हणाले. “डाव्या टाचंला बाहेरनं खाल्लंय बघा. तुम्ही रागीट माणूस हाय की ओ. घरात कुणी ऐकत नाही काय तुमचं?”

समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. ही सहानुभूती मला आजही पचलेली नाही.

पडद्यावर मात्र डाव्या टाचेचा मागमूस नव्हता. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी लालभडक ठिपका उमटत होता. “इथे तीनशे दहा येतंय, दोनशेच्या आत असलेलं बरं,” तंत्रज्ञ म्हणाला. दोनशेचा आकडा खरे तर एकदा जखम होऊन भरलेल्या पायांच्या पादत्राणांसाठी सांगितला जातो. तो मला कोणत्या कलमाखाली लावला, हे विचारण्याचा माझा विचार होता, परंतु अंगावर वायरी असताना माणसाचा वाद घालण्याचा हक्क संपतो.

“तीनशे किलो?” काका उठून उभे राहिले. “ह्या माणसाचं?”

“किलो नव्हे काका, किलोपास्कल. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण तीन किलो.”

“मग तीन किलो म्हण की! हे पास्कल कोण मधीच?”

आणि मग त्यांनी जाहीर केले की चप्पल खोटे बोलत नाही, तेव्हा मशीनच्या वायरी उलट्या लागल्या आहेत, डाव्याचे उजव्याला दिसते आहे. यावर हसून सोडून द्यायचे, तर तो नवखा मुलगा चक्क गोंधळला. त्याने डबी उघडली, वायरी काढून पुन्हा लावल्या आणि मला पुन्हा बोळात सोडले. “सावकाश नडीरी, नडीरी,” असे काका कानडीत उत्तेजन देत होते. ठिपका पुन्हा उजवीकडेच उमटला. “मशीन हट्टी हाय,” काका म्हणाले आणि खाली बसले.

खरी ठिणगी पडली ती पुढे. कोल्हापुरी बंद करावी लागेल, कडक कातडे, अंगठ्याचा पट्टा आणि मागून उघडी, बधिर पायाला घासले तरी कळणार नाही, असे तंत्रज्ञाने सांगितले. काकांनी हे मनाला लावून घेतले. 2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांना मिळून, त्यांतले चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले, बेळगाव धरून, हे त्यांनी बोटे मोजून ऐकवले. सीमावादावरच्या महाजन आयोगाला जे जमले नाही ते चपलेने करून दाखवले, हे मान्य. पण त्याने माझा ठिपका निळा होणार नव्हता.

मला लिहून दिली ती मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल. ही आपल्याकडे आधी कुष्ठरोग्यांसाठी वापरात आली. वेल्लोरला काम केलेले पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद सांगत असत की हे हातपाय मुख्यतः वेदना हरवल्यामुळे झिजतात. पुढे अमेरिकेत त्यांनी तेच मधुमेहींच्या पायांना लावले. जास्त दाबाच्या जागी फुटणाऱ्या रंगाच्या सूक्ष्म कुप्या भरलेले मोजेही तिथे वापरून पाहिले गेले. मला तसे मोजे चालले असते. त्यांचा रंग घरी जाऊन एकट्याने पाहता आला असता.

आणि ही दाब मोजणारी गादी ज्याला हवी तो कुठे आहे? चिकोडी-रायबागकडे उसात अनवाणी उतरणाऱ्याच्या वाट्याला ती येणारच नाही. तो नायलॉनचा तंतू तरी कोणत्याही लहान दवाखान्यात ठेवण्याइतका स्वस्त आहे. पण त्याला पडदा नसतो, म्हणून त्याचे कौतुक नसते.

शेवटी अहवाल हातात आला तेव्हा माझे दोन्ही तळवे सारखेच राखाडी होते. रंगीत शाई संपली होती. पैसे मात्र रंगीत अहवालाचे घेतले होते. खाली बारीक अक्षरात लिहिले होते की हा दाब केवळ चाचणीच्या वेळी घातलेल्या पादत्राणांपुरता समजावा. म्हणजे दवाखान्याच्या त्या कॅनव्हासच्या बुटांपुरता, जे मी तिथेच काढून ठेवले होते. खिडकीवरच्या मुलीला हे दाखवल्यावर तिने मान वर न करता सांगितले, “रंगीत हवा तर सोमवारी या की सर, आणि येताना स्वतःचे बूट घेऊन या.”