प्रसाद घ्या, नावं टाकू नका

चतुर्थी जवळ आली की आमच्या सिंधुदुर्गात चाकरमान्यांच्या गाड्यांच्या आधी मेसेज पोचतात. यंदाचा असा आहे: ‘मुंबईवाल्यांबरोबर एड्स गावात येतोय. ज्या घरात असा पेशंट आहे तिथला प्रसाद, जेवण घेऊ नका, संडास वापरू नका. औषधाचा उपयोग नसतो. नावं कळतील तशी ग्रुपवर टाका, गाव वाचवा.’ मी १२ वर्षं एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, याबद्दल समुपदेशनाचं काम करते. हा मेसेज मला चार जणांनी काळजीपोटी पाठवला, म्हणून उत्तर देते आहे.

आधी प्रसाद. एचआयव्ही एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून. थुंकी, घाम, अश्रू यांतून नाही, डासातूनही नाही. एका ताटात जेवलात, एका तांब्याने पाणी प्यायलात, तोच संडास वापरलात तरी काही होत नाही. मोदक खुशाल खा.

माझ्याकडे येणारा एक खलाशी आहे, गाव सांगणार नाही. मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपली की तो आठवडा-आठवडा समुद्रात असतो. गोळ्यांची बाटली मिळाली की माझ्यासमोरच बसून तिच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढतो. बोटीवर बाकीचे झोपले की गोळी घेतो. पहिल्यांदा आला तेव्हा स्वतःबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाला, ‘ताई, एकाच टोपातला जेवतव आमी, त्यांका काय होवचा नाय मा?’

आता औषध. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते वाचून माणसं गोळ्या सोडतात. एचआयव्ही मुळासकट जात नाही, हे खरं. पण भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, फुकट मिळते, आणि २०१७ पासून निदान झालं की सीडी-४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) किती आहे याची वाट न बघता उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. आज बहुतेकांना रोज एकच गोळी असते. ती नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका घटतो की तपासणीत दिसेनासा होतो. अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात एक जण बाधित आणि उपचारावर असलेली जोडपी होती. कंडोमशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. बाळाचंही तसंच आहे. उपचाराशिवाय आईकडून लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, वेळेवर उपचार झाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं.

मग गावाला धोका कोणाकडून? गोळी घेणाऱ्याकडून नव्हे. बदनामीच्या भीतीने तपासणीलाच न गेलेल्या माणसाकडून लागण होऊ शकते, आणि तो मुंबईचा असेल तसा आपल्याच वाडीतलाही असेल.

नावं टाकण्याबद्दल मात्र मला राग येतो. गेल्या वर्षी असाच मेसेज फिरला तेव्हा एक बाई दोन महिने गोळ्या न्यायला आली नाही. रांगेत गावचं कोणी भेटेल, ही धास्ती. एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे. बाधितांविरुद्ध किंवा त्यांच्या घरच्यांविरुद्ध द्वेष पसरवला तर ३ महिने ते २ वर्षं कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटका होईल असं कोणी समजू नये.

गाव वाचवायचं असेल तर करण्यासारखं पुष्कळ आहे. कोणी विश्वासाने सांगितलं तर ते घरातसुद्धा बोलू नका. एआरटी केंद्र लांब पडतं, एसटीचा अख्खा दिवस जातो, तेव्हा सोबत जा किंवा त्या दिवशी त्यांची गुरं-पोरं सांभाळा. बाधित माणसाला खोकला लागला तर दोन आठवडे वाट न बघता टीबीची तपासणी करायला लावा. पाहुणा गोळ्या मुंबईत विसरला असेल तर ‘सुट्टीत चालतं’ म्हणू नका, जवळच्या एआरटी केंद्रात न्या. शंका असेल तर १०९७ हा नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

आणि तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आलाच, तर तिथे वाद घालू नका, वादाच्या भरात कोणीतरी नाव बोलून जातं. ज्याने टाकला त्याला वेगळा फोन करा आणि डिलीट करायला सांगा.