रेस वरखाली होते म्हणजे पंपच गेला, असं नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरे आणि मासळी वाहणाऱ्या चालकांमध्ये मेसेज फिरतोय: जुन्या डिझेल ट्रकची रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, उभ्या गाडीत आपोआप वरखाली झाली की इंजिनात डिझेल सोडणारा पंप गेला, लगेच उतरवा. हे सरसकट खरं नाही. पंपाचा गव्हर्नर, म्हणजे रेस स्थिर ठेवणारा भाग, झिजला तर असं होतं. पण कृपा करून आधी डिझेलच्या पाइपात हवा शिरतेय का ते तपासा. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतलं डिझेल मुख्य पंपाकडे पाठवणारा छोटा पंप) डिझेल ओढलं जातं. तिथला वॉशर दबून सैल झाला किंवा पाइपाला चीर गेली, तर डिझेल सहसा बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते आणि रेस वरखाली होते. फीड पंपाच्या अगदी आधी पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू करा, हवा शिरत असेल तर बुडबुडे दिसतील. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणीही होतं, ते फिल्टरखालून काढा. रेस स्थिर असून गाडी नुसती थरथरत असेल, तर इंजिनात डिझेल फवारणारं नोजल बघा.