गर्डर कोणाला विचारून कापला?

आज डोकं लई फिरलंय, म्हणून लिहायलोय. जालन्यात चुलतभावाच्या दुकानाचं काम चालूय, दुपारी सहज डोकावलो तर प्लंबरनं वेल्डिंगवाल्या पोराला बोलावून अडीचशेच्या (म्हणजे २५० मिमी उंचीच्या) गर्डरचा खालचा फ्लँज, म्हणजे खालची आडवी पट्टी, गॅस कटरनं अर्धा कापून ठेवलेला. का, तर चार इंची पाइप तिथून जायचाय. तेही बरोब्बर गाळ्याच्या मध्यावर! वर गच्चीत २००० लिटरची टाकी, भरलेली, म्हणजे नुसतं पाणीच दोन टन. आन भाऊ त्याच गर्डरखाली खुर्ची टाकून चहा प्यायलाय. विचारलं तर म्हणतो, दादा एवढ्याशानं काय होतंय, लोखंडंय ते.

लोखंडंय म्हणून काहीही करायचं का?

वाळूजला एका कंपनीत कामाला होतो तेव्हा फॅब्रिकेशनला एक चाचा होते. मॅनेजर म्हणाला केबलसाठी गर्डरला होल मारा, चाचांनी कटर हातातच घेतला नाही. "पैले ऊपर देखो, क्या बैठा है." ड्रॉइंग मागितलं, इंजिनिअरची सही मागितली आन सही येईपर्यंत बाहेर निवांत बिडी ओढत बसले. मॅनेजर ओरडून ओरडून थकला.

दोन टोकांवर टेकलेल्या गर्डरवर वजन आलं की खालचा फ्लँज ताणलेल्या कासऱ्यासारखा असतो, आन सगळ्यात जास्त ताण मध्यावर. तोच कापला तर राहिलं काय? मधली उभी पट्टी, म्हणजे वेब, ती शिअर, म्हणजे कात्रीसारखं कातरणारं बळ, घेते आन शिअर टोकांना, भिंतीजवळ जास्त. म्हणून होल पाडायचंच तर वेबमधे, उंचीच्या मधल्या भागात, टेकूपासून लांब, आन वरून जिथं दुसरा गर्डर किंवा टाकीचा पाया येतो त्याच्या खाली अजिबात नाही. तेही किती मोठं पाडायचं ते हिशोब करणाऱ्यानं सांगायचं, प्लंबरनं नाही. अडीचशेच्या गर्डरचं वेब जाडीला ७ मिमीसुद्धा नसतं हो!

मान्य, गर्डरला होल पाडतच नाहीत असं नाही, कारखान्यातून ओळीनं होल असलेले गर्डरसुद्धा येतात. पण ते आधी हिशोब करून.

चाचांनी सही आल्यावर काय केलं ते आज त्या पोराला सांगत होतो. पाठीमागं वायर आहे का बघितलं, खाली जॅक लावले, गोल होलांना मॅग्नेटिक ड्रिल लावलं. एक चौकोनी पाडायचं होतं तर आधी चारी कोपऱ्यांत गोल होल मारले आन मग मधलं कापलं, कारण टोकदार कोपऱ्यातनंच चीर सुरू होते. कडा ग्राइंडरनं गुळगुळीत, होलाभोवती इंजिनिअरनं सांगितली तेवढी प्लेट. निघणारा तुकडा तारेनं बांधलेला, खाली कोणाच्या डोक्यात पडायला नको. गॅस लावायची वेळ आली तर पाण्याची बादली जवळ, आन काम संपल्यावरही तासभर एक माणूस तिथंच बसवलेला, ठिणगी तीस-पस्तीस फुटांपर्यंत उडते आन कुठं धुमसत बसेल सांगता येत नाही. इथं आमच्या पोरानं प्लायवुडच्या थप्पीवर ठिणग्या पाडल्या! वर भरलेली टाकी तशीच. ५५०-६०० अंशांना लोखंडाची ताकद निम्म्यावर येते, कटरची ज्योत तर त्याच्या कितीतरी वर.

पोराचा राग नाही हो मला. विशीतलं पोरगं, रोजावर आलेलं, त्याला कोणी कधी सांगितलंच नाही. चाचा असते तर एक शिवी हासडली असती आन मग शेजारी बसवून शिकवलं असतं. राग आहे तो भावाचा. कारण पाइप गर्डरच्या खालून नेला असता तर फॉल्स सीलिंग फक्त सहा इंच खाली आलं असतं. ते साहेबांना दिसायला बरं वाटत नव्हतं! टाइल्स निवडायला हैदराबादला गेला हा माणूस, आन गर्डर कापायच्या आधी एक फोन होत नाही?

असो. टाकी रिकामी करून घेतलीय, दोन्हीकडनं जॅक लावलेत, खालचा भाग दोरी बांधून बंद केलाय. पोरगं म्हणत होतं लगेच वरून प्लेट वेल्ड करून टाकतो, त्याला थांबवलंय. कोणती प्लेट, किती लांब, वेल्डिंग कसं, हे इंजिनिअर बघून सांगेल तेव्हाच. भाऊ तोंड फुगवून बसलाय, म्हणे उद्घाटनाची तारीख चुकणार. चुकू दे.

जालन्यात उद्या सकाळी येऊ शकेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअर कोणाच्या ओळखीत असेल तर इनबॉक्समधे कळवा. फी मी देतो, भावाकडून नंतर वसूल करीन.